नोंदवहीतलं पहिलं पान

मागच्या महिन्यात सरांचा मेसेज आला. "मंडळाचा ई-अंक काढतोय. तू माजी सचिव. परदेशातला काहीतरी अनुभव लिहून पाठव. पंधरा दिवसांत." सर 'नाही' ऐकून घेत नाहीत, हे मंडळात काम केलेल्या सगळ्यांना माहीत आहे. मी आधी अ‍ॅबर्डीनवर चार पानं लिहिली. थंडी, हिवाळ्यात दुपारी साडेतीनलाच पडणारा अंधार, ग्रॅनाइटच्या करड्या इमारती, एकटेपणा वगैरे. वाचून बघितलं तर ती पानं कुणीही लिहिली असती. ती बाजूला ठेवली. खरं सांगायचं तर मला मलावीबद्दल लिहायचं होतं आणि तेच मी टाळत होते. कारण तिथे मला थोडी लाज वाटली होती.

घडलं असं. 2017 साली मास्टर्ससाठी मी अ‍ॅबर्डीनला गेले. खोलीपासून दहा मिनिटांवर चर्च ऑफ स्कॉटलंडचं एक जुनं चर्च होतं. लहानपणापासून रविवारी भक्तीला जायची सवय, त्यामुळे तिथे जाऊ लागले. तिथे तरुण माणसं बोटांवर मोजण्याइतकी, बाकी सगळ्या आज्या आणि आजोबा. भक्तीनंतर मागच्या हॉलमध्ये चहा आणि बिस्किटं. आज्यांनी मला लगेच नात करून टाकलं. एका रविवारी चहाच्या वेळी पाळकबाईंनी सांगितलं, "उत्तर मलावीतल्या आपल्या जोडमंडळीच्या शाळेत लायब्ररीची खोली बांधायची आहे. पुढच्या जूनअखेर दोन आठवड्यांसाठी टीम जाणार. कुणाला यायचं असेल तर नाव द्या." मी नाव दिलं.

का दिलं, ते सांगायला हवं. बेळगावात मी ज्या मिशनच्या शाळेत शिकले तिथे व्हरांड्याच्या टोकाला लायब्ररीची एक खोली होती. चार काचेची कपाटं, त्यातल्या एकाची काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला. आमच्या घरी पुस्तकं म्हणजे शुभवर्तमान, गीतपुस्तक आणि दिनदर्शिका. बाबा गवंडी. दिवसभर उन्हात थापी चालवून आले की जेवून झोपायचे. शनिवारी लायब्ररीच्या बाई एक पुस्तक घरी द्यायच्या. पाचवीपासून दहावीपर्यंत मी एकही शनिवार चुकवला नाही. पुढे कॉलेजात आले, मंडळात आले, सचिव झाले, अ‍ॅबर्डीनपर्यंत पोचले, त्याची सुरुवात त्या पुठ्ठा लावलेल्या कपाटात आहे असं मला वाटतं. तेव्हा कुठल्यातरी शाळेत तशी एक खोली उभी राहणार आणि त्याला आपला हात लागणार, यात विचार करण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही.

शिवाय मलावी आणि स्कॉटलंड हे नातं जुनं आहे. मलावी म्हणजे पूर्वीचं न्यासालँड, 1964 साली स्वतंत्र झालं. तिथलं लिव्हिंग्स्टोनिया मिशन 1875 साली फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडनं सुरू केलं. सरोवराच्या दक्षिण टोकाला केप मॅक्लिअरला पहिलं ठाणं झालं, तिथे हिवतापानं माणसं मेली म्हणून ते बांदावेला हललं, आणि शेवटी 1894 मध्ये वर डोंगरावर खोंडोवेच्या पठारावर आलं. हे सगळं उभं करणारे डॉ. रॉबर्ट लॉज मूळचे अ‍ॅबर्डीनचे. पन्नास वर्षांहून अधिक काळ ते तिथे होते. त्यामुळे आमच्या चर्चमधल्या आजोबांना मलावी म्हणजे मामाचं गाव वाटायचं.

मला दुसरंच काहीतरी आठवत होतं. आपल्या बेळगावात 1831 साली जन्मलेले बाबा पद्मनजी इथल्या मिशन शाळेत शिकले आणि पुढे मुंबईला त्याच स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. 'यमुनापर्यटन' त्यांनी 1857 मध्ये लिहिलं. मंडळात दर वर्षी आपण त्यांच्यावर एक निबंध वाचतोच. म्हणजे स्कॉटलंडहून निघालेली एक वाट बेळगावला आली आणि दुसरी खोंडोवेला गेली. मी पहिल्या वाटेनं उलट गेले आणि आता दुसरीनं पुढे चालले होते. हे सुचल्यावर मी स्वतःवरच खूश झाले होते.

तयारीला आठ महिने होते. पैसे जमवायचे होते. मी केकच्या स्टॉलवर बेळगावचा कुंदा करून विकला. दूध आटवता आटवता खोलीतला धुराचा अलार्म दोनदा वाजला. आज्यांना तो फारच आवडला. दुसरं काम पुस्तकं जमवायचं. चर्चच्या दारात खोके ठेवले आणि लोकांनी ते भरभरून दिले. चौदा खोके झाले. ते आधीच बोटीनं पाठवले, कारण मलावीला समुद्र नाही. दारेसलामच्या बंदरात उतरून मग ट्रकनं पुढे जायचं. खोके भरताना मी पुस्तकं नीट पाहिली नाहीत. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बांधकाम करायला तू चाललीस? काय ग, एक तरी वीट लावलीस काय आजपर्यंत?" मी म्हटलं, "तिथे शिकवतील." बाबा हसले आणि म्हणाले, "गवंड्याला शिकवायला वेळ असतोय काय?"

आम्ही नऊजण होतो. दोन निवृत्त शिक्षक, एक बँकेतले काका, एक सुतारकाम येणारे आजोबा, बाकी विद्यार्थी. लिलाँग्वेला उतरून गाडीनं उत्तरेला मझुझू, तिथून पुढे सरोवराच्या कडेनं चितिंबा. शाळा डोंगराच्या पायथ्याशी, सरोवरापासून चालत अर्ध्या तासावर. सरोवर म्हणतात खरं, पण पाहणाऱ्याला तो समुद्रच वाटतो. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे टांझानियाचे डोंगर दिसतात. जून-जुलै हा तिकडचा थंड आणि कोरडा मोसम. सरोवरावरून म्वेरा नावाचा वारा जोरानं वाहतो. किनाऱ्यावर मांडवांवर उसिपा नावाची बारीक मासळी वाळत घातलेली असते. गाडीतून उतरल्या उतरल्या तो वास आला आणि मला एकदम मालवणहून आमच्याकडे येणाऱ्या सुकटीची आठवण झाली. त्या दिवशी पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

मुलं टीममधल्या सगळ्यांना 'मझुंगू' म्हणजे गोरी माणसं म्हणून हाका मारायची. माझ्याशी येऊन थबकायची. मग एका मोठ्या मुलीनं निकाल दिला, "म्वेन्ये." म्हणजे हिंदी माणूस. मलावीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले हिंदी लोक बहुतेक गुजराती व्यापारी. त्यामुळे तिचा पुढचा प्रश्न होता, "तुमचं दुकान कुठे आहे?" मी दुकान नाही म्हटल्यावर तिला माझी जरा कीव आली असावी.

आता बांधकामाचं. आम्ही पोचलो तेव्हा विटा तयार होत्या. गावातल्या बायाबापड्यांनी माती मळून, साच्यात पाडून, भट्टी लावून त्या भाजल्या होत्या. वीस हजार विटा, मुख्याध्यापकांनी अभिमानानं सांगितलं. वाळूही गावानंच आणली होती. तिकडची रीतच अशी आहे की विटा, वाळू, पाणी आणि अंगमेहनत गावाची. सिमेंट, लाकूड आणि पत्रे बाहेरच्यांचे. पाया भरून झाला होता. म्हणजे आम्ही 'लायब्ररी बांधायला' गेलो तेव्हा निम्मी लायब्ररी गावानं आधीच जमिनीतून वर काढली होती. हे आमच्या चर्चच्या पत्रकात कुठेच नव्हतं.

पहिल्या दोन दिवशी आम्ही हौसेनं विटा लावल्या. फोटो काढले. मुख्य गवंडी पन्नाशीचे, शांत, डोक्याला लोकरी टोपी. ते आमच्याकडे बघायचे, मान हलवायचे, काही बोलायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी मला लवकर जाग आली म्हणून एकटीच साइटवर गेले. बघते तर गवंडीबाबा आणि त्यांचा मुलगा आम्ही लावलेले दोन थर उचकटत होते. विटा पुसून बाजूला रचल्या होत्या. भिंतीला ओळंबा लावलेला. मी गवंड्याची पोरगी आहे, ओळंबा काय सांगतो ते मला कळतं. आमची भिंत बोटभर बाहेर गेली होती. त्यांनी मला पाहिलं, हसले आणि ओठांवर बोट ठेवलं. इतरांना वाईट वाटू नये म्हणून ते उजाडायच्या आत काम उरकत होते.

मला रडू आलं नाही, पण पोटात काहीतरी झालं. आमचे बाबा असेच कुणाकुणाच्या चुका न बोलता दुरुस्त करत आले असतील, आणि त्याची मजुरी त्यांना कुणी दिली नसेल. मी विचारलं, "रोज करता का हे?" ते म्हणाले, "दोनच दिवस झालेत."

त्या संध्याकाळी मी टीमला सांगितलं. बँकेतले काका आधी नाराज झाले, मग गप्प बसले. पाळकबाईंनी दुसऱ्या दिवशी गवंडीबाबांना सरळ विचारलं, "आमची मदत तुम्हाला कुठे हवी?" त्यांनी फार अदबीनं उत्तर दिलं, "पाणी लांब आहे." मग आम्ही पाणी वाहिलं. हापसा शाळेपासून चांगला लांब होता. गावातल्या बायका डोक्यावर बादली घेऊन एक थेंब न सांडता यायच्या. माझी अर्धी बादली माझ्याच अंगावर यायची. आम्ही वाळू चाळली, विटा हातोहात पोचवल्या, मसाला कालवला. सुतारकाम येणारे आजोबा मात्र खरंच कामाला आले. वाळवीपासून वाचवायचं तर फळ्या भिंतीला आणि जमिनीला टेकवायच्या नाहीत, मांडणीचे पाय कसे उचलायचे, यावर ते आणि गावचे सुतार तासन्‌तास बोलत. दोघांची भाषा वेगळी, पण हातात रंधा असल्यावर त्यांचं काही अडत नव्हतं. भिंती भराभर वर गेल्या आणि ओळंब्यात राहिल्या.

दुपारच्या जेवणाला मक्याच्या किंवा कसाव्याच्या पिठाचा घट्ट सिमा असायचा. आपल्याकडे नाचणीचा मुद्दा करतात तसाच, पण पांढरा. सोबत भोपळ्याच्या पानांची भाजी किंवा मासे. हातानं जेवायचं. टीममध्ये चमचा न शोधणारी मी एकटीच होते, म्हणून स्वयंपाकाच्या मावशी मला सगळ्यांत आधी वाढायच्या.

पाचव्या दिवशी खोके उघडायची वेळ आली आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण मी मंडळाच्या लायब्ररीचं रजिस्टर सांभाळलं होतं. वर्गात जमिनीवर चटया टाकून आम्ही पुस्तकं ओतली. माझ्याबरोबर तिसरी इयत्ता शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्यांच्या वर्गात शंभराच्या वर मुलं. निम्मी आंब्याच्या झाडाखाली बसत. मॅडमनी एकेक पुस्तक हातात घ्यायचं, चाळायचं आणि मला सांगायचं कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचं.

चौदा खोक्यांत काय नव्हतं! बर्फातल्या माणसाच्या गोष्टी. ख्रिसमसला शेकोटीशेजारी टांगलेले मोजे. घोडेस्वारी शिकणाऱ्या मुली. गोल्फ कसा खेळावा. केक सजवायची तीन पुस्तकं. जुन्या विश्वकोशाचे काही खंड, ज्यात सोव्हिएत संघ अजून शाबूत होता. एका पुस्तकात मधली चाळीस पानं नव्हती. बऱ्याच पुस्तकांवर 'रद्द' असा लायब्ररीचा शिक्का होता. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण प्रत्येक 'रद्द' शिक्क्यावर त्यांचं बोट क्षणभर थांबायचं. मला वाटलं, हे खोके मी भरलेत. चर्चच्या दारात उभं राहून मी 'थँक यू, थँक यू' म्हणत हे घेतलंय.

चांगलीही पुस्तकं होती, नाही असं नाही. शब्दकोश, नकाशांचं एक नवं पुस्तक, शरीरशास्त्राची चित्रं, प्राण्यांची पुस्तकं. मुख्याध्यापक आले, त्यांनी शब्दकोशांचा गठ्ठा उचलून छातीशी धरला. आठवीनंतर मुलांची प्राथमिक शाळेची सरकारी परीक्षा असते, ती इंग्रजीत. तीत नापास म्हणजे शाळा संपली. त्यांना हवे होते शब्दकोश, गणिताची पुस्तकं आणि रात्री अभ्यासाला एक सौर दिवा. हे आम्ही आधी विचारलं असतं तर चौदा खोक्यांऐवजी तीन पाठवले असते, आणि बोटभाड्यात दिवा आला असता.

सगळे गठ्ठे लागल्यावर मॅडमनी विचारलं, "आणि आमच्या भाषेतलं?"

मी म्हटलं, "तुमच्या म्हणजे चिचेवा?"

"चिचेवा देशाची भाषा. आमची तुंबुका."

त्यानंतरचा अर्धा तास मी विसरणार नाही. उत्तर मलावीत घराघरांत तुंबुका बोलतात. जुन्या मिशनच्या काळात शाळेत तुंबुका शिकवत, खोंडोवेच्या छापखान्यात तुंबुका पुस्तकं छापत. स्वातंत्र्यानंतर हेस्टिंग्ज बांदांच्या सरकारनं 1968 मध्ये चिचेवा ही एकच राष्ट्रभाषा ठरवली. तुंबुका शाळेतून गेली, रेडिओवरून गेली. 1994 साली बहुपक्षीय निवडणुका होऊन बांदा गेले, त्यानंतर ती रेडिओवर परत आली. पण मुलांच्या हातात पडणारं पुस्तक अजून चिचेवात, नाहीतर इंग्रजीत. मॅडमचे वडील शिक्षक होते. एक दिवस वरून हुकूम आला आणि शाळेतली तुंबुका वाचनमाला बंद झाली, हे त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या हे रागानं सांगत नव्हत्या. घरातल्या जुन्या आजारपणाबद्दल सांगावं तसं सांगत होत्या.

मित्रांनो, तुम्ही बेळगावचे आहात. मला काय वाटलं असेल हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. घरात एक भाषा, दुकानाच्या पाटीवर दुसरी, परीक्षेच्या पेपरात तिसरी. आपण त्यातच वाढलो. मला मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही येतात आणि तिन्हींचा मला उपयोग झाला. कुठल्याच भाषेशी माझं भांडण नाही. पण त्या शनिवारच्या लायब्ररीत बाईंनी माझ्या हातात पहिलं पुस्तक ठेवलं ते मराठी होतं. आजी जे बोलायची ते कागदावर छापलेलं असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते कळलं म्हणून पुढचं इंग्रजी पुस्तक उचलायचा धीर आला. आणि ही एवढी साधी गोष्ट, जी मला स्वतःच्या आयुष्यावरून ठाऊक होती, ती अ‍ॅबर्डीनला खोके भरताना मला एकदाही आठवली नाही. लाज वाटली म्हणाले ती याची.

मी विचारलं, "तुंबुकात लहान मुलांची पुस्तकं विकत मिळतील?" बायबल आणि गीतांचं पुस्तक मिळेल, त्या म्हणाल्या, गोष्टींचं अवघड. मग जरा थांबून म्हणाल्या, "गोष्टी मात्र खूप आहेत. पुस्तकं नाहीत."

पुढचे पाच दिवस दुपारनंतर आम्ही तेच केलं. कल्पना मॅडमची, कागद मझुझूहून आणलेले, शिलाई माझी. मुलं घरून आजीकडून गोष्ट ऐकून यायची आणि वर्गात सांगायची. कलुलु नावाचा लबाड ससा जवळजवळ प्रत्येक गोष्टीत. तो हत्तीला फसवतो, सुसरीला फसवतो आणि शेवटी कासवाकडून फसतो. एका गोष्टीतल्या म्हातारीनं मला आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीची आठवण करून दिली. मी ती गोष्ट मॅडमना इंग्रजीत सांगितली, त्यांनी मुलांना तुंबुकात सांगितली. वाघ तिकडे नाही, म्हणून मॅडमनी सिंह घातला. भोपळा मात्र तिकडेही असतो, त्यामुळे काही अडलं नाही. शंभर पोरं एका सुरात भोपळ्याला पळवत होती.

मॅडम मोठ्या अक्षरांत लिहायच्या, मुलं चित्रं काढायची. मी सुई-दोऱ्यानं पानं शिवायची आणि खोक्यांचा पुठ्ठा कापून कव्हर करायची. म्हणजे ते खोके शेवटी कामाला आले. अकरा पुस्तकं झाली. भोपळा त्यातला एक.

मग रजिस्टर. मी लांबट वही आणली होती, रकाने आखले होते: दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, कसं मिळालं. पहिला क्रमांक मी विश्वकोशाच्या पहिल्या खंडाला देणार होते, जाडजूड म्हणून. मॅडम म्हणाल्या, "पहिलं पान सोड." तिथे त्यांनी स्वतःच्या हातानं एक ते अकरा लिहिलं. लेखकाच्या रकान्यात मुलांची नावं आणि त्यांच्या आज्यांची. 'कसं मिळालं' या रकान्याशी त्या अडल्या. तिथे मी दोनच पर्याय ठेवले होते, देणगी किंवा खरेदी. मला विचारलं. मलाही सुचेना. त्यांनी दोन्ही न लिहिता तुंबुकात एक शब्द लिहिला. त्याचा अर्थ 'आमचं'.

मधल्या रविवारी आम्ही वर खोंडोवेला गेलो होतो. चितिंबाहून वर जाणारा रस्ता म्हणजे वीसएक नागमोडी वळणं. आंबोली घाट त्यापुढे सरळ वाटेल. वर लॉज यांचं दगडी घर आहे, चर्च आहे, दवाखाना आहे, आणि खाली सगळं सरोवर पसरलेलं दिसतं. तिथे जमिनीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत इफिसकरांस पत्र, अध्याय 2, वचन 14 असा संदर्भ रचलेला आहे. त्यामागची हकिकत अशी. 1959 मध्ये न्यासालँडमध्ये आणीबाणी जाहीर झाली. गोऱ्या मिशनऱ्यांना धोका आहे असं समजून सरकारनं विमानातून निरोप टाकला, इथून निघायचं असेल तर जमिनीवर खूण करा. मिशनऱ्यांनी खूण केली ती या वचनाची. दोघांना एक करून मधली भिंत पाडणाऱ्या ख्रिस्ताबद्दलचं ते वचन. ते गेले नाहीत.

पाळकबाईंनी तिथे उभं राहून प्रार्थना केली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र पहाटे आमचे दोन थर गुपचूप उचकटणारे गवंडीबाबा होते. एकमेकांतली भिंत पाडायची म्हणजे काय, हे मला त्या वचनाआधी त्यांनी दाखवलं होतं. आपण लावलेली वीट वाकडी आहे हे समोरच्यानं मोकळेपणानं सांगावं आणि आपण ऐकावं. पहिले दोन दिवस ते सांगू शकले नाहीत, कारण सिमेंट आमचं होतं.

परतीच्या विमानात मी कागदावर हिशेब मांडला. नऊजणांच्या तिकिटांत किती गवंड्यांची किती दिवसांची मजुरी झाली असती. आकडा इथे लिहीत नाही. तुम्ही अंदाज करा, आणि तो तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघेल. मग जायलाच नको होतं का? या प्रश्नाचं मला अजून नीट उत्तर देता येत नाही. पैसे पाठवले असते तर खोली लवकर झाली असती. पण खोके तसेच गेले असते, आणि ते कुणी मॅडमसमोर बसून उघडले नसते. मॅडमनी ती पुस्तकं माझ्याशिवायही कधीतरी केली असती, याबद्दल मला शंका नाही. मी फक्त सुई-दोरा घेऊन बसले होते. आमच्या चर्चमध्ये परत गेल्यावर मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. हॉलमध्ये शांतता झाली. मग एक आजी म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी विचारू या." त्यानंतर टीम गेली नाही. सौर दिवे गेले, शब्दकोश गेले, आणि गवंडीबाबांच्या मजुरीचे पैसे गेले. त्यांनी वर्गांसाठी आणखी एक खोली बांधली. मॅडमकडे कागदाची रिमं गेली.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा भोपळा, तुंबुका, इफिसकर यातलं त्यांनी काही फारसं मनावर घेतलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "त्या गवंड्याचं नाव काय ग?" मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाले, "माणूस चांगला आहे."

गेल्या महिन्यात, सरांचा मेसेज आला त्याच आठवड्यात, मुख्याध्यापकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लायब्ररीचा फोटो पाठवला. भिंती सरळ आहेत. मांडणीचे पाय भिंतीपासून चार बोटं सुटे आहेत. बर्फातल्या माणसाचं पुस्तक वरच्या फळीवर अजून नवंकोरं दिसतं. खाली एका चटईवर चार मुलं एका पुस्तकावर वाकली आहेत. त्या पुस्तकाचं कव्हर फाटलंय, शिवण उसवलीय, कोपरे काळे झालेत. फोटो मोठा करून बघितला. कव्हरवर भोपळा होता.

खाली मॅडमचा निरोप होता. दाखल क्रमांक एक ते अकरा सगळी फाटली, त्यातली सात त्यांनी नव्यानं लिहिली आहेत. नवा आकडा त्रेसष्टवर गेला आहे. आणि तुझ्या गावाकडची आणखी एखादी गोष्ट आहे का?

मंडळाच्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. आपापल्या आजीला विचारा आणि एकेक गोष्ट मला लिहून पाठवा. वाघ असला तरी चालेल, मॅडम सिंह घालतील.